रोस का फुटतो? : कोंबडी, अननस आणि नारळाचा रस

पावसाळा संपला की हरमल, मांद्रे, मोरजीच्या वाळूवर शॅक उभे राहतात. त्यांतल्या काहींच्या मेनूकार्डावर 'ट्रॉपिकल चिकन' असं एक नाव दिसतं. कोंबडी, अननसाचे तुकडे, नारळाचं दूध आणि सजावटीला काहीतरी रंगीत. पेडण्याच्या माणसाला ते वाचून हसूच येतं. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण कटिबंधातलं, म्हणजे आमचंच की! अननस आमच्या परसात, माड आमच्या अंगणात, कोंबडा आमच्याच कुडणावर बसून आरवतो. आणि तरी हा पदार्थ आमच्या कुठल्याच घरात शिजत नाही. असं का, याचा विचार मी कधी केला नव्हता. केला तो मामाच्या नारळांमुळे.

माझ्या मामाचे पेडणे तालुक्यात पंधरा-वीस माड आहेत. दोन हंगामांपूर्वी त्याने किनाऱ्यावरच्या एका शॅकला रोज दहा नारळ द्यायला सुरुवात केली. पाडेलीची मजुरी वजा जाऊन हातात बरे पैसे राहायचे. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी तिथल्या नव्या कुकने ताज्या नारळाचा रस काढून हे ट्रॉपिकल चिकन केलं आणि ते बिघडलं. वर तेल तरंगलेलं, खाली नासलेल्या दुधासारखे गोळे, आणि कोंबडी अशी की चमचा लावला तर पीठ. गिऱ्हाइकाने ताट परत पाठवलं. मालकाने निकाल दिला, नारळ नासके होते. दुसऱ्या दिवसापासून डब्यातलं नारळाचं दूध आलं आणि मामाचं पोतं जसंच्या तसं परत आलं.

मामा काही बोलला नाही. पण त्याच ढिगातल्या नारळाची त्या दिवशी दुपारी आमच्याकडे सोलकढी झाली होती आणि ती उत्तम झाली होती. म्हणजे नारळ नासका नव्हता. मग रस फुटला कशाने?

याचं उत्तर शोधायचं तर आधी नारळाचा रस म्हणजे काय ते बघावं लागतं. खवलेलं खोबरं कोमट पाण्यात कुस्करून पिळलं की जे पांढरं निघतं, ते पाणी आणि तेल यांचं मिश्रण असतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण शाळेत शिकतो. मग इथे ती एकत्र कशी नांदतात? तर खोबऱ्यातली प्रथिनं तेलाच्या बारीक बारीक थेंबांभोवती एक पातळ पापुद्रा धरतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. रस पांढरा दिसतो तोही या थेंबांवर प्रकाश विखुरतो म्हणून. हा पापुद्रा शाबूत आहे तोवर रस शाबूत.

आता हा पापुद्रा मोडायला दोन गोष्टी पुरतात. एक उष्णता. साधारण 80 अंशांच्या पुढे ही प्रथिनं गोठायला लागतात, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर गोठतो तशीच. खळखळून उकळी आली, त्यातून ढवळलं नाही, की प्रथिनांचे गोळे होतात आणि मोकळं झालेलं तेल वर येतं. दुसरी गोष्ट आंबटपणा. दुधात लिंबू पिळल्यावर जे होतं, तेच इथे. दोन्ही एकत्र आल्या तर विचारायलाच नको. आणि अननस आंबट असतो, कितीही गोड लागला तरी.

सोलकढी आठवा. तिच्यात सोलांचं आगळ असतं, म्हणजे आंबटपणा भरपूर. पण सोलकढी कोणी चुलीवर चढवत नाही. आंबट आहे, उष्णता नाही, म्हणून ती जेवण होईस्तोवर टिकते. (फार वेळ ठेवली तर तीही वर-खाली वेगळी होतेच, म्हणून वाढण्याआधी पळीने ढवळतात.) आमची आजी सोलकढीच्या भांड्याला चुलीच्या जवळपासही ठेवू देत नाही. मला वाटायचं ही तिची काहीतरी शिवाशिव असेल.

मग डब्यातलं दूध का फुटत नाही? त्यात बहुतेक वेळा थेंब धरून ठेवणारं काहीतरी घातलेलं असतं. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली तर पुष्कळदा 'ग्वार गम' सापडतो. ग्वार म्हणजे आपली गवार. तिच्या बियांचा हा डिंक, राजस्थानात मोठ्या प्रमाणावर होतो. म्हणजे शॅकवाल्याला भरवशाचं वाटतं ते नारळाचं दूध भरवशाचं होतं ते गवारीमुळे. हे कळल्यावर मामाला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "मग गवारीची भाजीच विकतो आता."

हे झालं रसाचं. कोंबडीचं पीठ का झालं, हा वेगळा गुन्हा आणि त्याचा गुन्हेगार पुन्हा अननसच.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. मांसातली प्रथिनं तोडणं हे त्याचं काम. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यात या विकराचाही हात असतो. त्या कुकने म्हणे सकाळपासूनच कोंबडी अननसाच्या रसात मुरवत ठेवली होती, चव चांगली लागावी म्हणून. दहाएक तासांत ब्रोमेलेनने बाहेरून पोखरत कोंबडीचा भुगा केला. ब्रॉयलर आधीच मऊ, तिला एवढ्या सेवेची गरजच नव्हती. उकळलेल्या अननसात हे होत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होतं. डबाबंद अननसही तापवलेलाच असतो, त्यामुळे तोही निरुपद्रवी. परदेशी पाककृतींत 'अननसाचा डबा' असं लिहिलेलं असतं आणि आपण शहाणपणा करून ताजा घालतो, तिथेच फसतो.

आमच्याकडे फळाने मांस मऊ करण्याची युक्ती नाही असं नाही. जून गावठी कोंबडा किंवा मटण असेल तर कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात. पपईच्या चिकात पपेन असतं, ब्रोमेलेनचंच भावंड. पण आजी ते चमचाभर लावते आणि अर्ध्या तासात कोंबडा चुलीवर जातो. मोजमाप तिला कोणी शिकवलं नाही. एकदा जास्त झालं असेल, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली असतील, तेव्हापासून चमचाभर.

पण मूळ प्रश्न राहिलाच. इतकी फळं, इतका नारळ, मग आमच्या कोंबडीत फळ का नाही? पेडण्यात कोंबडी म्हणजे सागोती आणि वडे. खोबरं, कांदा, धणे, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं भाजून काळसर वाटण. गोव्यात इतरत्र शाकुती म्हणतात ती याचीच जवळची नातलग, आणि शाकुती मूळची हरमलची असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाटणात खोबरं चोथ्यासकट असतं आणि भाजलेलं असतं, त्यामुळे फुटायची भीती नाही. उलट शिजल्यावर वर तेल आलं की आम्ही खूश होतो, 'तवंग आला' म्हणतो. गंमत बघा, तेच नारळाचं तेल, तसंच वर आलेलं. सागोतीत तो तवंग, रसात तो फुटका रोस.

फळं आमच्याकडे दुसऱ्या वाटेने ताटात येतात. कैरी सुंगटांच्या हुमणात जाते, बिंबलं जातात, अंबाडेही जातात. माशाला आंबट लागतंच, त्याचा वास मारायला आणि चव उठवायला. पिकलेले घोटां आंबे आणि अननस यांचं सासव होतं, म्हणजे नारळ-मोहरीच्या वाटणात गूळ घालून केलेलं आंबटगोड तोंडीलावणं. अंबाडे ऐन भरात येतात ते श्रावण-भाद्रपदात, चवथीच्या खतखत्यात पडायला. तेव्हा बऱ्याच घरांत मांस बंद. म्हणजे फळ आणि कोंबडी यांची गाठच पडू नये अशी पंचांगानेच व्यवस्था केलेली! हा माझा तर्क आहे, पण आजीला तो पटला.

थोडा इतिहासही आहे. तिसवाडी पोर्तुगीजांनी 1510 साली घेतली, बार्देश आणि साष्टी 1543 साली. पेडणे त्यांच्याकडे गेलं ते थेट 1788 साली, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. डिचोली त्याच्या सहा-सात वर्षं आधी. म्हणजे जुन्या काबिजादींच्या मानाने आमचे तालुके जवळजवळ अडीचशे वर्षं उशिरा त्यांच्या हाती लागले. त्यामुळे आमचं स्वयंपाकघर तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याशी जास्त बोलतं. बार्देशातल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी 'कालदीन' होतं, नारळाच्या रसातलं हळदीचं पिवळं, सौम्य कालवण. कधी मासे, कधी भाजी, कधी कोंबडी. शॅकमधल्या त्या ट्रॉपिकल चिकनचा खरा गोमंतकीय चुलतभाऊ शोधायचाच तर तो हा, आमची सागोती नव्हे.

आणि अननस, पपई, मिरची, काजू ही सगळी मंडळी तरी मूळची इथली कुठे? पोर्तुगीज जहाजांतून अमेरिका खंडातून आलेली. नारळ मात्र त्यांच्या आधीपासून होता. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्यांचं नाव आहे, ते वैद्य गार्सिया द ओर्ता. त्यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्यांनी नोंदवून ठेवलंय की इथले लोक नारळ किसून त्याचं दूध काढतात, त्यात भात शिजवतात आणि पक्ष्यांची व मांसाची कालवणं करतात, त्यांना 'कारिल' म्हणतात. म्हणजे कोंबडी आणि नारळाचा रस यांची जोडी साडेचारशे वर्षांपूर्वी छापून आलेली आहे. आपल्या मराठीला 'क्रिस्तपुराण' देणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीही 1583 साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात माडाची मोठी वाखाणणी केली आहे. एकाच झाडापासून तेल, साखर, शिर्का, दोर आणि वर छप्परही मिळतं, याचं त्यांना नवल वाटलं होतं. अभ्यासक्रमात आपण त्यांच्या ओव्या वाचतो, माडाचं हे पत्र कोणी सांगत नाही.

असो. मला इतिहासाने नाही, मामाच्या पोत्याने छळलं होतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी डिचोली तालुक्यात मावशीकडे गेले. आजीही तिथेच होती. मावशीच्या घरामागे कुळागर आहे. वर माड आणि माडी म्हणजे सुपारी, त्यांच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, कडेला फणस आणि भिंडांचं झाड, पाटाच्या बांधावर अननसाची काटेरी रांग. एका चुलीला लागणारं निम्मं सामान या एका उतारावर. तिथे उभं राहिल्यावर 'ट्रॉपिकल' या शब्दाचा राग थोडा कमी झाला.

आधी मी वाट्यांचे प्रयोग केले. पहिल्या वाटीत नुसता दाट रस मंद आचेवर ढवळत तापवला. उकळीच्या आधी उतरवला, छान राहिला. दुसऱ्या वाटीतल्या रसात दोन चमचे अननसाचा रस घालून उकळी आणली; दोन मिनिटांत मामाचा शॅक. तिसऱ्या वेळी आजी मागे येऊन उभी होती. "उजो कमी कर गो, रोस फुटतलो," एवढंच म्हणाली आणि भिजत घातलेल्या तांदळातले चमचाभर उचलून माझ्यासमोर ठेवले. हुमणाचं वाटण करताना आमच्याकडे थोडे भिजवलेले तांदूळ वाटतातच. मी समजत होते ते नुसतं दाटपणासाठी. तांदळाचं पीठ तापलं की फुगतं आणि रस असा धरून ठेवतं की थेंबांना एकत्र यायला सवड मिळत नाही. ही आजीची गवार!

अननसाची गोष्टही तिच्याच सासवातून सुटली. ती अननस कधीही कच्चा घालत नाही. फोडींना आधी गूळ आणि मीठ लावून पाच-सात मिनिटं रटरटवते. त्याने विकर मरतं. आंबटपणा मात्र शिजवून जात नाही, गूळ फक्त जिभेची समजूत काढतो. म्हणून आम्ही फोडी निथळून घेतल्या आणि सुटलेला रस कोंबडीत घातलाच नाही. तो भावंडांनी थंड पाणी घालून पिऊन टाकला.

मग खरी कोंबडी. सहा माणसांना एक किलो ब्रॉयलर घेतली, हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवली. दोन नारळ खवले. पहिला पिळा कपभर कोमट पाण्यात, तो दाट रस बाजूला. त्याच चोथ्यात तीन कप पाणी घालून दुसरा पिळा, तो पातळ. खोबरेल तेलात दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, आठ-दहा मिरी टाकल्या, दोन कांदे गुलाबी होईपर्यंत परतले, चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घातल्या. कोंबडी परतून घेतली आणि पातळ रसात शिजवली, पंचवीस-तीस मिनिटं. पातळ रसात तेल कमी, तो उकळला तरी फारसं बिघडत नाही. म्हणूनच शिजवण्याचं काम त्याच्याकडे. गावठी असती तर तासाच्या वर लागला असता आणि पाणीही वाढवावं लागलं असतं. कोंबडी शिजल्यावर वाटलेले तांदूळ पाण्यात कालवून घातले, एक उकळी दिली. आच अगदी कमी केली. आता दाट रस, आणि एकाच दिशेने ढवळत राहायचं. (एकाच दिशेने का, याचं शास्त्र मला सापडलं नाही. आजीसमोर वाद घातला नाही.) कडेला बारीक बुडबुडे दिसले की खाली उतरवायचं, मग अर्ध्या अननसाच्या निथळलेल्या फोडी वरून. झाकण ठेवून दहा मिनिटं.

फुटला नाही. रंग कालदीनासारखा फिकट पिवळा, अननस तोंडात आल्यावर सासवाची आठवण, मिरीचा झणका मागून. खरं सांगायचं तर मला सागोतीच जास्त आवडते. मावशीच्या मुलांनी मात्र भाताबरोबर भांडं पुसून घेतलं. आजीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बरं आसा, पण हें देवाक नाका." प्रसंगाचं जेवण नव्हे, एवढाच तिचा निवाडा.

पुढच्या हंगामात मामाने हा प्रकार घरी मामीकडून करवून घेतला आणि डब्यात भरून त्याच शॅकवर नेला. मालकाने दोन घास खाल्ले आणि विचारलं, कुठल्या कंपनीचं दूध? मामाने पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला.

ऑर्डर लगेच मिळाली असं मात्र नाही. मालकाची अडचण वेगळीच होती. खवणार कोण? दहा नारळ फोडून, खवून, दोनदा पिळायला एक माणूस दीड-दोन तास अडकतो, आणि डबा उघडायला अर्धं मिनिट लागतं. कुकलाही आधी फोडीच्या भानगडीत पडायचं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवार-शनिवार गर्दीच्या दिवशी सहा नारळ, पण खवलेले. ओलं खोबरं आमच्या हवेत दोन-चार तासांतच आंबूस होतं, म्हणून मामी दुपारी चारला खवायला बसते आणि पाचच्या ठोक्याला मामा बर्फाच्या डब्यात भरून स्कूटरने निघतो. पिळायचं काम कुकचं. नारळाचा भाव आता चढलाय, त्यामुळे खवण्याची मजुरी वेगळी धरावी की भावातच धरावी, यावर मामा-मामीचा वाद अजून चालू आहे. मामीचं म्हणणं वेगळी धरावी, आणि ती तिच्या हातात द्यावी.